दुपारी दोनचं तापमान : नागपुरातल्या नऊ मगरपिल्लांचं प्रकरण

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. सकाळी साडेसहाला फोन वाजला. पिल्लांची देखभाल करणारे काका बोलत होते. "मॅडम, लहान हौदातलं चार नंबरचं पोट्टं उताणं पडलं जी. हलवलं तं हालून नाही राहिलं." मी पोचले तेव्हा ते पिल्लू काकांच्या तळहातावर होतं. पोट फुगलेलं, शेपटीचा बुंधा दोन्ही बाजूंनी खोल गेलेला. दोन दिवसांनी आठ नंबरचं गेलं. नऊपैकी सात उरली आणि त्या सातांतल्या चौघांनी पंधरा दिवसांत स्वतःहून काही खाल्लं नव्हतं.

मी पशुवैद्यक आहे. नागपुरातल्या एका निवारा केंद्रात तेव्हा आठवड्यातून तीनदा जात असे. या पिल्लांना जे झालं ते बाहेरून आलेल्या रोगाने झालं नाही. आमच्या देखभालीने झालं, आणि त्या देखभालीत माझा वाटा मोठा होता. विदर्भात तोतलाडोहच्या जलाशयात, ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत, म्हणजे त्यांची पिल्लं कधी ना कधी माणसाच्या हातात पडणारच. ज्यांच्या हातात पडतील त्यांना हे आधी ठाऊक असावं, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

पिल्लं आली कुठून

जूनच्या मध्याला पारशिवनीकडच्या एका कालव्यातून ती आली. कालव्याचं पाणी बंद होतं, खोलगट भागात डबकं उरलं होतं. त्यात गावातल्या पोरांना ती सापडली आणि पोरांनी ती बादलीत भरली. कुणीतरी शहाणपणाने वनविभागाला कळवलं. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरी ठेवणं हा गुन्हा आहे, हे गावात बहुतेकांना माहीत होतं. वनरक्षकांनी दोन रात्री आसपास मादी शोधली, ती दिसली नाही. म्हणून पिल्लं नागपुरात आली.

आली तेव्हा एकेकाचं वजन ८० ते ९५ ग्रॅम होतं, लांबी फूटभर. आपल्याकडची मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठावर खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. या पिल्लांची बेंबी पूर्ण मिटलेली होती, म्हणजे ती दोन-तीन आठवड्यांची असावीत. अंड्यातून निघताना पिल्लू उरलेला बलक पोटात घेऊनच निघतं आणि पहिले काही दिवस त्यावर काढतं. गारठ्यात हा बलक जिरत नाही, पोटातच राहतो आणि नासतो. आमची पिल्लं तो टप्पा पार करून आली होती. मी तेव्हा नोंदवहीत लिहिलं होतं, "धोक्याचा काळ टळला." ते वाक्य अजून त्या पानावर आहे.

हौद सिमेंटचा होता. अर्धा पाण्याचा, अर्धा कोरडा, वर टिनाचं छप्पर, तोंड उत्तरेला. जून-जुलैत या रचनेत कुणालाही दोष दिसला नसता. पावसाळाभर नागपुरात दिवसा-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. पाणी २७-२८ अंशांवर स्थिर राहिलं. बारीक मासोळ्या, झिंगे, रातकिडे पिल्लं आनंदाने खात होती. खाणं आम्ही संध्याकाळी पाचला देत होतो. मगर अंधारात शिकार करणारा प्राणी आहे, तेव्हा संध्याकाळी दिलेलं खाणं त्याच्या स्वभावाला धरून, असा माझाच हिशेब होता. ऑक्टोबरच्या अखेरीला नऊ पिल्लांचं सरासरी वजन २४० ग्रॅम झालं होतं.

आम्ही जे जे केलं

दिवाळीनंतर हौदात सकाळी मासोळ्या उरलेल्या दिसायला लागल्या. आधी दोन-चार, मग निम्म्या. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हे पोट्टे काऊन खाऊन नाही राहिले, समजत नाही." मला वाटलं मासळीला कंटाळली असतील. कोंबडीच्या काळजाचे तुकडे सुरू केले. ते दोन दिवस खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी हौदाच्या कोरड्या भागात उलट्या दिसल्या. काळजाचे तुकडे जसेच्या तसे, फक्त रंग करडा झालेला आणि वास असह्य.

वासामुळे मला संसर्गाची शंका आली. प्रतिजैविक सुरू केलं. पाच दिवसांत काही फरक नाही. वजनं उतरत होती. मग मी तो निर्णय घेतला, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मासळी वाटून, गाळून, सिरिंजला मऊ नळी लावून ती मी पिल्लांच्या पोटात घातली. एकेक पिल्लू काकांनी धरायचं, मी जबड्यात प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवायची आणि १० मिलिलिटर पातळ मासळी सावकाश आत सोडायची. पिल्लू उपाशी आहे आणि आपल्या हातात अन्न आहे, अशा वेळी न भरवणं हे क्रौर्य वाटतं. भरवून झालं की मन शांत होत असे. चार नंबर आणि आठ नंबर ही दोघं सर्वांत अशक्त होती, म्हणून त्यांना आम्ही सर्वांत जास्त वेळा भरवलं.

पंचनामा झाल्यावर, वनअधिकाऱ्यांसमोर, शवविच्छेदन मीच केलं. चार नंबरच्या जठरात चार दिवसांपूर्वी घातलेली मासळी होती. पचलेली नव्हती, आंबली होती. जठराच्या भिंती ताणून पातळ झालेल्या. मूत्रपिंडांवर खडू शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि मागच्या पायाच्या सांध्यात तसाच पांढरा चिकट गाळ. आठ नंबरचंही तेच. हे युरिक आम्लाचे क्षार होते. माणसाला होतो तो गाऊट. प्रथिनं पोटात जात राहिली, ती थोडीफार शोषली गेली, पण त्यांचा मळ बाहेर टाकणारी मूत्रपिंडं गारठ्याने मंदावली होती.

हे सगळं पाहूनही माझ्या डोक्यात अजून आजारच होता. आतड्याचा, यकृताचा, कसला तरी. ते डोक्यातून काढलं काकांनी. हात धुताना ते सहज म्हणाले, "रातच्याले पाणी बदलाले हात घातला तं हात सुन्न होऊन जाते जी. हे लेकरं कसे राहत असतील त्यात?"

नोंदवहीतला रकाना

तापमानाची नोंद आमच्याकडे होती. रोजची होती, एकही दिवस सुटलेला नव्हता. मी मागची पानं चाळली. १ डिसेंबर, २८. २ डिसेंबर, २८.५. ३ डिसेंबर, २७.५. सगळे आकडे मगरीच्या पिल्लाला चालतील असे. मग लक्षात आलं की हे आकडे दुपारी दोनचे आहेत आणि थर्मामीटर व्हरांड्याच्या भिंतीवर टांगलेला आहे. म्हणजे आम्ही रोज नेमाने नागपूरच्या दुपारच्या हवेचं तापमान लिहीत होतो. पिल्लं राहत होती पाण्यात, चोवीस तास.

त्या रात्री मी आणि काका हौदापाशी थांबलो. साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला आणि दर दोन तासांनी वाचला. संध्याकाळी सहाला २२. आठला २०.५. दहाला १९. मध्यरात्री १८. दोनला १७. चारला १६. पहाटे सहाला १५. सकाळी दहाला, हवेत ऊन तापलेलं असताना, हौदात अजून १७ होते, कारण दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेला सरकला की उत्तरेच्या तोंडाच्या त्या हौदाला ऊन लागतच नव्हतं. दुपारी चारला पाणी २३ अंशांवर गेलं, तिथून पुढे उतरंड. दिवसभरातला हा सर्वांत उबदार तास, आणि त्यानंतर बरोबर एका तासाने आम्ही खाणं देत होतो. अन्न पोटात गेल्या क्षणापासून पुढचे तेरा तास ते पोट गार होत जायचं.

बल्ब नव्हता असंही नाही. नोव्हेंबरातच आम्ही हौदावर १०० वॅटचा बल्ब लावला होता आणि त्याच्या उजेडात पिल्लं उबेत आहेत असं समजत होतो. तो बल्ब टिनाखालची हवा तापवत होता. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. पाण्यात बसलेल्या पिल्लाला वरच्या उबदार हवेचा काय उपयोग?

पोटात काय चालतं

मगर आपल्यासारखी अंगात उष्णता निर्माण करून ती टिकवून ठेवत नाही. तिचं शरीर भोवतालाच्या तापमानावर चालतं आणि ऊन, सावली, पाणी, बीळ यांत ये-जा करून ती ते सांभाळते. मगरींना ३० ते ३३ अंश सर्वांत मानवतात. २८ च्या खाली भूक मंदावत जाते, विशीच्या आसपास ती जवळजवळ मरते. सजीवांच्या शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दहा अंशांच्या फरकाने दुप्पट-तिप्पट बदलतो. म्हणजे ३२ अंशांना ज्या पिल्लाचं पचन व्यवस्थित चालतं, त्याचंच २२ अंशांना निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतं. १५ ला काय उरत असेल ते चार नंबरच्या पोटात मी पाहिलं होतं.

मगरीचं जठर विलक्षण ताकदीचं असतं. त्याचा मोठा भाग पक्ष्यांच्या पेषणीसारखा जाड स्नायूंचा, आत बहुधा गिळलेले खडे, आणि पुढची वाट इतकी अरुंद की हाड-काटा विरघळल्याशिवाय पुढे सरकतच नाही. आम्लाचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोनच्याही खाली जातो. हे आम्ल तयार करण्यासाठी मगरीचं हृदयसुद्धा मदत करतं असं दिसतं. फुप्फुसाला वळसा घालून कार्बन डायऑक्साइडने भरलेलं रक्त जठराकडे वळवण्याची सोय त्यात आहे. २००८ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅलिगेटरमध्ये, म्हणजे मगरीच्या एका नातलगात, हा वळसा शस्त्रक्रियेने बंद केला, तेव्हा जठरातलं आम्ल कमी झालं आणि हाड विरघळायला जास्त वेळ लागला. एवढी तयारी असलेलं पोट, पण स्नायूंची हालचाल, रक्ताचा ओघ, आम्ल, पाचकरस, यातलं प्रत्येक काम उबेवर अवलंबून.

माझ्या समजुतीत खरी भर पडली ती इथे. गारठ्यात पचन हळू होतं एवढंच मला आधी माहीत होतं. हळू तर हळू, उशिरा का होईना पचेल, असं वाटे. पण पोटातल्या मासळीवर दोघांचं काम एकाच वेळी चालू असतं : जठररसाचं आणि जीवाणूंचं. उबेत जठररस इतका जलद आणि इतका तीव्र असतो की जीवाणूंना संधीच मिळत नाही. गारठ्यात जठररस थांबतो. जीवाणू मात्र पंधरा-अठरा अंशांनाही आपलं काम करत राहतात, कारण थंड पाण्यातल्या मासोळीच्या अंगावरचे जीवाणू त्या तापमानाला सरावलेलेच असतात. म्हणून अन्न पडून राहत नाही, ते सडतं. पिल्लात ताकद असेल तर ते उलटून टाकतं. ती उलटी मी आजाराचं लक्षण समजले. पिल्लू त्या वेळी स्वतःला वाचवत होतं, आणि मी तेच पुन्हा नळीने आत घालत होते. त्यात गारठ्याने रोगप्रतिकारशक्तीही खचलेली असते, म्हणजे प्रतिजैविकालाही शरीराची साथ नव्हती.

यावर एक प्रश्न कुणीही विचारेल, मलाही पडला. पेंचच्या जंगलात डिसेंबरची पहाट नागपुरापेक्षा गार असते. तिथली पिल्लं कशी जगतात? काही जगत नाहीत, हे खरं. पण जी जगतात त्यांच्याकडे सोयी असतात. सकाळी दहाला उन्हातल्या खडकावर चढता येतं. पाचशे ग्रॅमचंही नसलेलं पिल्लू थोड्याच वेळात तापतं. लहान अंगाला तापायला आणि निवायला सारखाच थोडा वेळ लागतो. मोठी मगर मात्र दुपारची ऊब रात्री बराच वेळ धरून ठेवते. मगरी काठात बिळं करतात, कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्यात त्यांत शिरतात. आणि मुख्य म्हणजे थंडीत त्या खात नाहीत. साठवलेल्या चरबीवर, मंद चयापचयावर आठवडेच्या आठवडे निभावतात. जंगलातल्या पिल्लाला थंडीत कुणी भरवत नाही. आमच्या हौदात ऊन नव्हतं, बीळ नव्हतं, आणि खाणं मात्र रोज संध्याकाळी पाचला होतं.

तेव्हा रस्ते दोनच आहेत. एक, थंडीत पूर्ण उपास आणि दिवसा भरपूर ऊन. दुसरा, चोवीस तास खरी ऊब आणि मग खाणं. आमचा तिसरा होता, पोटात अन्न आणि अंगात गारठा, आणि त्याने दोन पिल्लं गेली. वाळलेली, वजन उतरलेली पिल्लं उपासाला टिकली नसती, म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला.

ऊब कशी चढवली

पहिलं काम खाणं पूर्ण बंद करण्याचं. काकांना ते पटवणं सोपं गेलं नाही. "मॅडम, आधीच हाडं दिसून राहिले यांचे." मी त्यांना चार नंबरच्या जठराचा फोटो दाखवला. नंतर ते काही बोलले नाहीत.

हौदाच्या बाहेरून थर्मोकोलचे जाड पत्रे बांधले, रात्री वरून ताडपत्री. पाण्याची पातळी चार बोटांवर आणली. मत्स्यटाकीत वापरतात ते थर्मोस्टॅटचे दोन हीटर आणले. पिल्लं चावून काच फोडतील म्हणून ते भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवले आणि शॉक लागू नये म्हणून गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावला. जुना बल्ब कोरड्या भागातल्या विटांवर खाली उतरवला, म्हणजे एक जागा खरोखर गरम राहील, आणि दुसऱ्या टोकाला एक थंडसर कोपरा मुद्दाम ठेवला. नेमकी किती ऊब हवी हे पिल्लाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्याला निवड करता आली पाहिजे. पाण्यावर अर्ध्या भागात एक फळी आडवी ठेवली, कारण आडोसा नसला की मगरीची पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात एकावर एक रचली जातात आणि खालची दबतात.

तापमान एकदम चढवलं नाही. रोज दोन ते अडीच अंश. १५ वरून ३१ वर यायला आठवडा लागला. या काळात पोटात फक्त पाणी, आणि ३१ वर आल्यावरही दोन दिवस काही नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वादहाला काकांनी एक जिवंत रातकिडा पाण्यावर सोडला. दोन नंबर फळीखाली होता. फक्त नाक आणि डोळे वर. किड्याच्या पायांनी पाण्यावर बारीक वलयं उठत होती. दोन नंबरने डोकं हललं न हललंसं किड्याकडे वळवलं आणि थांबला. मला वाटलं नाहीच खाणार. मग आडवा झटका, आणि काडेपेटीची काडी मोडावी तसा आवाज. डोकं वर करून त्याने तो दोन घोटांत मागे ढकलला. त्यानंतर त्याने जे केलं ते मी तोवर फक्त वाचलं होतं. तो पाण्यातून बाहेर आला, विटांवर चढला आणि बल्बच्या बरोबर खाली पोट टेकून बसला. जेवल्यावर ऊब शोधण्याची ही सवय अ‍ॅलिगेटरच्या पिल्लांत प्रयोगांत दिसलेली आहे. दोन नंबर तिथे पावणेदोन तास होता. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "जेवण करून उन्हात बसल्यावानी बसला जी."

त्यानंतर खाणं कायम सकाळी दहाला, आठवड्यातून चारदा, थोडं थोडं. काटा, डोकं, कवच यांसकट बारीक मासोळ्या आणि झिंगे, कारण नुसत्या मांसावर कॅल्शियम मिळत नाही आणि जबडा रबरासारखा मऊ पडतो. सतत गोठवलेली मासळीही टाळली. ती ब-१ जीवनसत्त्व मोडते. उलटी झाली का, विष्ठा कधी आली, हे दोन प्रश्न रोज. तिसऱ्या दिवशी गडद विष्ठा आणि सोबत पांढरा भाग, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकलेलं युरिक आम्ल, नीट वेगळा दिसला, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

वीज गेली ती रात्र

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला वीज गेली आणि पहाटे पाचला आली. सकाळी पाण्यात २१ अंश होते. आदल्या दिवशी खाल्लेल्या पाचांपैकी तिघांनी उलटी केली. दीड महिन्यापूर्वी असती तर मी पुन्हा औषधाची बाटली काढली असती. या वेळी दोन दिवस खाणं बंद, तापमान हळूहळू परत वर, आणि चौथ्या दिवशी सगळी पूर्वपदावर. हीटरला इन्व्हर्टर जोडला. आणि एक नियम केला, तो काकांनी खडूने भिंतीवर लिहिला : "पाणी ३० च्या खाली, तं खाणं नाही."

याच दिवसांत काकांनी एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "इतकं गरम ठेवून राहिलो आपण, तं हे सगळे नर तं नाही होणार?" त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की मगरीत नर-मादी तापमानावर ठरतं. ते खरं आहे, पण ते अंड्यात ठरतं. मगरीला लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. चेन्नईजवळच्या, १९७६ साली सुरू झालेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरीच्या अंड्यांवर झालेल्या कामात २८ ते ३१ अंशांना सगळ्या माद्या निघाल्या आणि ३२.५ च्या आसपास नर. अंडं फुटलं की तो निकाल पक्का, नंतर कितीही तापवलं तरी बदलत नाही. अंड्यातल्या तापमानाचा पुढच्या वाढीवर मात्र परिणाम राहतो, म्हणजे एकाच हौदात एकाच खाण्यावर काही पिल्लं मागे का पडतात याचं उत्तर अर्धं त्या खड्ड्यातच असू शकतं. पारशिवनीच्या कालव्याकाठी तो खड्डा उन्हात होता की सावलीत, हे आता कसं कळणार?

मग उन्हाळा

नागपुरात हे प्रकरण हिवाळ्यावर संपू शकत नाही. याच शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. इतक्या अंतराच्या दोन टोकांमध्ये तीनशे ग्रॅमचा जीव सांभाळायचा आहे.

एप्रिलच्या शेवटी हीटर बंद होऊन महिना झाला होता आणि पाणी दुपारी तीनला ३७ वर गेलं. पिल्लांनी पुन्हा खाणं सोडलं. या वेळी आम्ही ओळखलं. ती जबडा उघडून कोरड्या भागाच्या कडेला बसत होती, ही अंगातली उष्णता घालवण्याची त्यांची रीत. ३८ च्या पुढे जीवाला धोका सुरू होतो, आणि लहान पिल्लाला तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. टिनावर गोणपाट टाकून ते दिवसातून चारदा भिजवलं, हौदावर हिरवी जाळी बांधली, पाणी चार बोटांवरून वीतभर केलं, कारण खोल पाणी सावकाश तापतं. खाणं पहाटे सहाला नेलं. पाणी दुपारी ३३ च्या आत आलं आणि तीन दिवसांत भूक परतली.

जास्त ऊब म्हणजे जास्त वाढ, हा समजही इथेच मोडला. तापमान चढलं की पचनासोबत शरीराचा खर्चही चढतो. ३२ अंशांवर ठेवलेल्या पिल्लाला पुरेसं खाणं मिळालं नाही तर ते २० अंशांवरच्या उपाशी पिल्लापेक्षा लवकर वाळतं. जानेवारीत एकदा मासळी तीन दिवस आली नव्हती, तेव्हा हे वजनकाट्यावर स्पष्ट दिसलं होतं.

सात पिल्लांचं सरासरी वजन डिसेंबरच्या अखेरीला २०५ ग्रॅमवर घसरलं होतं. जानेवारी अखेर ते २८५ झालं, मार्च अखेर ५१०, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा सहा पिल्लं नऊशेच्या आसपास होती. त्यांना पाण्यात परत सोडण्याचा प्रस्ताव वनविभागाकडे गेला.

सातवं, सात नंबर, ३४० ग्रॅमवरच आहे. नळीने सर्वांत जास्त वेळा भरवून जगलेलं हे एकच पिल्लू. त्याच्या उजव्या मागच्या पायाचा सांधा जाड आहे आणि चढताना ते तो पाय ओढतं. मूत्रपिंडं किती सावरली ते बाहेरून कळत नाही. त्याला वेगळ्या टबात ठेवलं आहे, धाकट्या हीटरवर, आणि ते दिवसाआड तीन झिंगे खातं, चार नाही. काकांनी त्याच्यासाठी नोंदवहीत वेगळं पान केलं आहे. जुन्या रकान्याच्या जागी आता चार रकाने आहेत : पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा. प्रत्येकावर काकांनी शाईने लिहिलं आहे, "पाण्यातलं".